थंडीतला घरचा जोशांदा: डाळिंब, बोरं आणि आल्याचा गरम काढा कसा करायचा आणि कुणी जपून प्यायचा

सोलापूरची थंडी तशी फसवी. दुपारी पारा तीसच्या आसपास असतो, पंखा लावावासा वाटतो. पण फजरला उठून वजूचं पाणी हाताला लागलं की दात वाजायला लागतात. हवा कोरडी, वर धूळ. दिवसा घाम आणि पहाटे गारठा, अशा हवेत घसा खवखवतो, नाक चोंदतं, लहान मुलं रात्रभर खोकतात. मग घराघरात एकच फर्माईश सुरू होते, "अम्मी, काढा कर ना जरा."

काढा प्रत्येक घरात होतो, पण प्रत्येक घराचा वेगळा. कुणी मूठभर मिरे टाकून असा तिखट करतं की पिणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. कुणी सगळं एकदम पातेल्यात टाकून अर्धा तास उकळतं आणि मग तो कडू झाला म्हणून गूळ ओततं. खरं तर थोडी पद्धत सांभाळली तर हाच काढा मुलं मागून पितात. डाळिंब, बोरं आणि मनुका घातलेला, चहाची पत्ती नसलेला असा फळांचा काढा घरी कसा करायचा, त्याने नेमकं काय होतं आणि काय होत नाही, हे आज समजून घेऊ.

जोशांदा आणि खेसांदा

आपल्या घरातली बुजुर्ग मंडळी काढ्याला 'जोशांदा' म्हणतात. हा फारसी शब्द आहे. 'जोश' म्हणजे उकळी. जोशांदा म्हणजे उकळून केलेलं. युनानी हकीम दुसराही एक शब्द वापरतात, 'खेसांदा'. त्याचा अर्थ भिजवून, मुरवून केलेलं. त्यात जिन्नस उकळत नाहीत, गरम पाण्यात झाकून ठेवतात आणि मग गाळून घेतात.

चांगल्या काढ्याचं सगळं गुपित या दोन शब्दांत आहे. जे कडक आहे, ते उकळायचं: आलं, दालचिनी, मिरे, लवंग. त्यांचा अर्क सहज सुटत नाही, आच लागते. जे नाजूक आहे, ते मुरवायचं: पुदिना, गवती चहा, संत्र्याची साल. ती जास्त उकळली तर सुगंध वाफेबरोबर निघून जातो आणि मागे कडवटपणा राहतो. फळाचा ताजा रस तर आचेवर ठेवायचाच नाही. म्हणजे आपला काढा अर्धा जोशांदा आणि अर्धा खेसांदा.

जुन्या जोशांद्याच्या नुस्ख्यात फळं पहिल्यापासून आहेत. सर्दी-खोकल्याच्या नुस्ख्यात हकीम 'उन्नाब' आणि 'सपिस्तान' हमखास लिहितात. उन्नाब म्हणजे सुकवलेलं लाल बोर, आपल्या गाडीवरच्या बोराचं चुलत भावंड. सपिस्तान म्हणजे भोकर, ज्याचं लोणचं आपण घालतो. नावं दूरची वाटतात, पण झाडं आपल्या ओळखीची आहेत.

सामान आपल्याच बाजारातलं

या काढ्यासाठी महागडी पाकिटं आणायची गरज नाही. थंडीत लक्ष्मी मंडईत किंवा विजापूर वेशीकडे एक चक्कर मारली तरी बहुतेक सामान मिळतं.

डाळिंब तर आपल्या जिल्ह्याचं फळ. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या कमी पावसाच्या भागात डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. 'सोलापूर डाळिंब' या नावाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. देशाचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही इथेच, केगावला आहे. पावसाच्या सुरुवातीला धरलेल्या मृग बहाराची फळं थंडीत तयार होतात, म्हणून या दिवसांत चांगला 'भगवा' मिळतो. रसासाठी दिसायला डागाळलेलं पण आतून चांगलं असलेलं फळही चालतं आणि ते स्वस्त पडतं.

बोरं डिसेंबर-जानेवारीत भरपूर असतात. पिकून थोडी सुरकुतलेली बोरं काढ्याला जास्त चांगली, कारण त्यांची गोडी वाढलेली असते. मनुका सांगली-सोलापूर पट्ट्यातलीच घ्या. काळी मनुका असेल तर रंगही छान येतो.

बाकी मसाला अत्ताराच्या दुकानात मिळतो. आपल्याकडे 'अत्तार' हे आडनाव कितीतरी घरांत आहे. अत्तर, मसाले आणि जडीबुटी विकणं हा त्या घरांचा पिढ्यानपिढ्यांचा धंदा. चांगला अत्तार दालचिनी हातात देऊन वास घ्यायला सांगतो. जुनी, वास गेलेली दालचिनी कितीही उकळली तरी पाण्यात काही उतरत नाही.

आल्याचं आणि डाळिंबाचं आपल्याला एक वेगळं अप्रूपही आहे. कुरआन शरीफमध्ये सूरह अल-इन्सानमध्ये जन्नतच्या पेयाबरोबर 'जंजबील'चा, म्हणजे आल्याचा उल्लेख येतो, आणि सूरह अर-रहमानमध्ये 'रुम्मान'चा, म्हणजे डाळिंबाचा. दादी-नानीच्या तोंडून हे ऐकत आपण मोठे झालो.

चार कपांसाठी लागणारं सामान

- पाणी: पाच कप
- आलं: एक इंच, साल काढून ठेचलेलं
- दालचिनी: एक इंचाचा तुकडा
- लवंगा: दोन किंवा तीन
- मिरे: चार-पाच, अर्धवट ठेचलेले
- वेलदोडे: दोन, फोडलेले
- बडीशेप: अर्धा चमचा
- काळ्या मनुका: दहा-बारा
- पिकलेली बोरं: सहा-सात, बिया काढून चिरलेली
- गवती चहा: दोन पाती, कापलेली
- पुदिन्याची पानं: सात-आठ
- एका मध्यम डाळिंबाचा ताजा रस: साधारण अर्धी वाटी
- लिंबाचा रस: एक छोटा चमचा
- गूळ किंवा मध: चवीपुरता, नसला तरी चालतो

बोरं नसतील तर अर्धं सफरचंद चिरून घाला. संत्र्याची साल आवडत असेल तर फळ आधी नीट धुऊन घ्या आणि सालीचा वरचा केशरी भाग बोटभरच घ्या. आतला पांढरा भाग कडू असतो.

कृती

१. स्टीलच्या पातेल्यात पाणी, आलं, दालचिनी, लवंग, मिरे, वेलदोडे आणि बडीशेप घाला. उकळी आली की आच मंद करा आणि झाकण अर्धवट ठेवून आठ-दहा मिनिटं उकळू द्या.

२. आता मनुका आणि बोरं घाला. आणखी पाच मिनिटं मंद आचेवर ठेवा. बोरं मऊ झाली की पळीने हलकेच दाबा, म्हणजे गर पाण्यात उतरतो आणि काढ्याला थोडा दाटपणा येतो.

३. गॅस बंद करा. गवती चहा, पुदिना आणि घालणार असाल तर संत्र्याची साल टाका. झाकण घट्ट लावून सहा-सात मिनिटं तसंच मुरू द्या. हा झाला खेसांदा.

४. तोपर्यंत डाळिंबाचे दाणे गाळणीत घेऊन वाटीच्या बुडाने दाबून रस काढा. मिक्सर फिरवू नका. बिया भरडल्या की रस तुरट होतो.

५. काढा गाळून घ्या. गूळ घालायचा असेल तर आताच विरघळवा. मग डाळिंबाचा आणि लिंबाचा रस घाला. काढ्याचा रंग लगेच लालसर होतो आणि मुलं तेवढ्यावरच खूश होतात.

६. मध घालायचा असेल तर तो कपात, काढा कोमट झाल्यावर. उकळत्या काढ्यात मधाचा सुगंध राहत नाही.

गाळून उरलेली बोरं आणि मनुका फेकू नका. लवंग-मिरे बाजूला काढून भाकरीबरोबर किंवा नुसत्याही खाता येतात.

हमखास होणाऱ्या चुका

पहिली चूक भांड्याची. आपल्या घरात तांब्या-पितळेच्या देगच्या असतात आणि कलई उडाली तरी त्या वापरात राहतात. डाळिंब, लिंबू, बोर ही आंबट फळं. कलई नसलेल्या तांब्या-पितळेत आंबट पदार्थ ठेवला तर धातू त्यात उतरतो आणि मळमळ, उलटी होऊ शकते. ॲल्युमिनियमचं भांडंही नको. स्टील सगळ्यात बरं.

दुसरी चूक दुधाची. चहाची सवय असलेलं कुणी तरी म्हणतंच, "थोडं दूध टाक की." या काढ्यात दूध घातलं तर आंबटपणाने ते फाटतं.

तिसरी चूक डाळिंबाच्या सालीची. साल औषधी असते असं ऐकून काही जण तीही उकळतात. तिच्यात तुरटपणा इतका असतो की अख्खा काढा वाया जातो.

चौथी चूक प्रमाणाची. करोनाच्या काळात आपण सगळ्यांनी ही चूक केली. २०२० च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यायला सांगितला होता. घरोघरी मात्र तो चार-चार वेळा आणि दुप्पट कडक होऊ लागला. मग पोटात जळजळ, तोंड येणं या तक्रारी सुरू झाल्या. मोठ्या माणसाला दिवसाला एक कप पुरे, फार तर दोन.

पाचवी चूक म्हणजे चटका बसेल इतका गरम पिणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं की ६५ अंशांपेक्षा जास्त गरम पेयं नेहमी पिण्यामुळे अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका संभवतो. कप ओतल्यावर पाच मिनिटं थांबा. ओठाला सुखद लागेल इतकाच गरम प्या.

काढ्याने नेमकं काय होतं?

ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठात सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्र होतं. तिथल्या संशोधकांनी २००८ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. सर्दी झालेल्या ३० जणांना फळांच्या रसाचं पेय दिलं. काहींना गरम, काहींना तेच पेय साध्या तापमानाचं. साधं पेय घेणाऱ्यांना वाहतं नाक, खोकला आणि शिंका यांत आराम वाटला. गरम पेय घेणाऱ्यांना त्याशिवाय घशाचं दुखणं, अंगातली थंडी आणि थकवा यांतही आराम वाटला, तोही लगेच.

पण याच प्रयोगात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी होती. नाकातून हवा किती जाते हे यंत्राने मोजलं, तेव्हा त्यात फरक पडलेला नव्हता. नाक मोकळं झालं असं माणसाला वाटत होतं, प्रत्यक्षात ते तेवढंच चोंदलेलं होतं.

याचा अर्थ काढा खोटा असा नाही. साधी सर्दी औषध न घेताही आठवड्याभरात आपोआप बरी होते. तेवढे दिवस घशाला ऊब मिळाली, पाणी पोटात गेलं, रात्री झोप लागली, तर तेही मोठं काम आहे. पण आराम वाटणं वेगळं आणि आजार बरा होणं वेगळं. काढा पहिलं काम करतो. दुसऱ्या कामाचा भरवसा त्याच्यावर ठेवायचा नाही.

कुणी जपून प्यायचा

*एक वर्षाच्या आतलं बाळ.* त्याला मध अजिबात द्यायचा नाही, बोटाला लावून चाटवायचाही नाही. मधात कधी कधी असे जंतू असतात की ते बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. त्याने बाळ लुळं पडतं, श्वासही अडकू शकतो. जन्मल्यावर बाळाला मध चाटवण्याची रीत अनेक घरांत आहे. तहनीक करायची असेल तर मधाचा हट्ट धरू नका, आणि जे काही वापराल ते डॉक्टरांना विचारूनच. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचं दूधच पुरे, काढाही नको.

*एक ते पाच वर्षांची मुलं.* मिरे-लवंग न घालता, पाणी घालून फिका केलेला काढा दोन-चार चमचे द्या, कोमट करूनच.

*शुगर असलेले.* गूळ आणि मध "नैसर्गिक" असले तरी रक्तातली साखर वाढवतातच. मनुका आणि डाळिंबाच्या रसातही साखर आहे. अब्बांना शुगर असेल तर त्यांच्या कपात गूळ-मध नको, मनुका कमी आणि डाळिंबाचा रस दोन चमचेच.

*ब्लड प्रेशर असलेले.* आमच्या कृतीत जेष्ठमध मुद्दाम ठेवलेलं नाही. रोज भरपूर जेष्ठमध, म्हणजे मुलेठी पोटात गेली तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. बाजारातल्या बऱ्याच काढ्याच्या पुड्यांत ते असतं. अनेक झटपट पुड्यांत साखरही भरपूर असते. पाकिटाच्या मागचं वाचूनच घ्या.

*किडनीचे रुग्ण.* डाळिंब आणि मनुकांत पोटॅशियम जास्त असतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

*रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेले आणि गरोदर बाया.* कधीतरी एक कप हलका काढा वेगळा आणि रोजचा कडक काढा वेगळा. रोज सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

*ॲसिडिटी असलेले.* रिकाम्या पोटी पिऊ नका आणि मिरे कमी करा.

काढ्यावर थांबू नये असा खोकला

ही माझ्याच घरातली गोष्ट. माझी खाला विडी वळते. आपल्या शहरात हजारो बाया घरी बसून हेच काम करतात. एका थंडीत तिला खोकला सुरू झाला. तंबाखूची धूळ आहे, वर हवा गार, असं म्हणून आम्ही कुणीच मनावर घेतलं नाही. रोज संध्याकाळी मी स्वतः तिला काढा करून द्यायचे. प्यायली की तासभर बरं वाटायचं. त्या तासाभराच्या आरामानेच आम्हाला फसवलं. सव्वा महिना असाच गेला. मग वजन उतरलेलं दिसलं, संध्याकाळी बारीक ताप यायला लागला, तेव्हा कुठे थुंकीची तपासणी केली. टीबी निघाला.

सहा महिने गोळ्या घेतल्या, आता ती ठणठणीत आहे, अल्हम्दुलिल्लाह. पण त्या सव्वा महिन्यात तिच्या मांडीवर नातवंडं खेळत होती. नंतर त्यांचीही तपासणी करावी लागली. दोन आठवडे झाल्यावरच गेलो असतो, तर आमच्या जिवाला लागलेला तो घोर टळला असता.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला टिकला तर टीबीची तपासणी करायचीच. थुंकीतून रक्त, रात्री घाम, वजन घटणं, संध्याकाळचा ताप असेल तर दोन आठवडेही थांबायचं नाही. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. शहरात सिव्हिल हॉस्पिटल आहेच, महापालिकेचे दवाखानेही आहेत. उपचार चालू असताना निक्षय पोषण योजनेतून खाण्यापिण्यासाठी दरमहा १००० रुपये मिळतात; नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. टीबी झाला म्हणजे घराण्याची बदनामी झाली असं समजून लपवू नका. गोळ्या पूर्ण घेतल्या तर हा आजार बरा होतो.

लहान मुलांच्या बाबतीत तर दिवस मोजत बसायचं नाही, श्वास मोजायचे. मूल शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट छातीची हालचाल मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असतील, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, मूल दूध-पाणी पीत नसेल, सुस्त पडलं असेल, तर काढा चुलीवर ठेवायचा नाही. उचलायचं आणि थेट दवाखाना गाठायचा.

शेवटी

आता रमजान थंडीच्या शेवटी येऊ लागला आहे. इफ्तारला रंगीत, थंडगार सरबताच्या जोडीला या काढ्याचा एक छोटा थर्मास भरून ठेवा. खजुरानंतर दोन घोट गरम गेले की दिवसभर कोरडा पडलेला घसा निवतो. तरावीहहून परतलेल्या माणसांनाही बरं वाटतं. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला गड्ड्यावर फिरून थकलेली शेजारपाजारची मुलं घरी आली तर त्यांच्याही हातात एक-एक कप द्या.

काढा पाजणं ही मायेची गोष्ट आहे, ती चालू राहू द्या. फक्त ज्याला पाजतो त्याचा खोकला किती दिवसांचा आहे, हे कप हातात देताना एकदा विचारा.